ओट्यावर उघडं राहणारं पुस्तक

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

ही वही मी स्वतः शिवलीय, त्यामुळे ती वाकडी आहे. सहदेव म्हणाला, "फेकून दे, पहिली वही फेकायचीच असते." एकशेअठ्ठावीस कोरी पानं फेकायला आम्ही कुठले जहागीरदार? त्यापेक्षा मी यात लिहीन.

नवऱ्याला मी तोंडावर अहो म्हणते. इथे सहदेव. वही माझी आहे.

दहिसरला, चेकनाक्याच्या अलीकडे, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा बायंडिंगचा गाळा आहे. छापखान्यातून मोठाले छापील कागद येतात, त्यांना घड्या घालायच्या, शिवायचं, चिकटवायचं, कापायचं, की झालं पुस्तक. म्हणजे सहदेव करतो, बत्तीस वर्षं, आणि त्याच्या हाताखाली कुंदाताई. मी अंधेरीला ट्रॅव्हल कंपनीत होते. गेल्या वर्षी कंपनी गुरगावला गेली, मी दहिसरलाच राहिले. सहा डिसेंबरला सहदेव गाळ्यात स्टुलावरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे, हात गळ्यातल्या झोळीत. तेव्हापासून मी गाळ्यावर जाते. "फक्त फोन उचल आणि हो हो म्हण," असं तो म्हणाला होता.

आज मी एका बाईंना हो म्हणाले.

या पद्मजाताई केळकर, मुलुंडच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्यांच्या पाककृतींचं पुस्तक काढलंय. छपाई दोन दिवसांत पूर्ण होईल. तीनशे प्रती, आणि रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायच्या. रथसप्तमी चार फेब्रुवारीला. पाच तारखेला हे वाण देऊन उपयोग नाही, ते त्यांनी मला दोनदा बजावलं, जसं काही मी विलायतेहून आलेय. मग पर्समधून दुसऱ्या कुठल्या मंडळाचं पुस्तक काढलं आणि टेबलावर उघडं ठेवलं. ते आपलं आपण मिटलं.

"बघितलंत? माझे दोन्ही हात कणकेत असतात. मग मी पान काय नाकाने उघडू?"

मला इतकं पटलं म्हणून सांगू! नुसत्या गमाने चिकटवलेलं पुस्तक मिटणारच. दोऱ्याने शिवलेलं ओट्यावर पसरून पडतं, गुमान. मी म्हणाले, शिवून देऊ.

घरी सांगितलं तर सहदेवच्या हातातला चमचा वरणात पडला. "तीनशे पुस्तकं हाताने शिवून? तीन आठवड्यांत? अगं, गमाचं दोन दिवसांचं काम होतं ते!" मग म्हणाला की नाही तरी तो गाळा देऊन टाकायच्या विचारात आहे. एक कुरियरवाला मागे लागलाय, पाच फेब्रुवारीला त्याला उत्तर द्यायचंय. वय अठ्ठावन्न, हात मोडलेला, बस झालं.

मी म्हणाले, "आणि हे पुस्तक वेळेत गेलं तर?"

"तर ठेवू गाळा," तो म्हणाला, लहान मुलाला चंद्र कबूल करतात तशा आवाजात.

मला गाळा हवाय. गेल्या दीड महिन्यात हे मला कळलंय, आणि हे मी कुणाला बोललेले नाही. कागदाचा वास आला की माझी भूक वाढते.

१७ जानेवारी, शुक्रवार

कागद आले. आठ फर्मे. फर्मा म्हणजे एक मोठा कागद, तीन घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. आठ फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक. कुंदाताई घडी घालतात तेव्हा बघत राहावं. कागद, पट्टी, सर्र, कागद, पट्टी, सर्र. वय त्रेसष्ट. मी वीस घड्या घालेपर्यंत त्यांच्या शंभर होतात, वर तोंड चालू. "गो बाय, कागदाक घाबरू नको, तो काय चावना नाय."

आज सहदेवचं प्लास्टर निघालं. मी येते म्हटलं तर "गाळा सोडू नकोस." डॉक्टरकडून परस्पर गाळ्यावर आला आणि दारात उभा राहिला. किती वेळ कोण जाणे. मी गाणं म्हणत घड्या घालत होते, लक्षच नव्हतं. एकदम अंधारलं म्हणून वर बघितलं. म्हटलं, "अहो, दारात उभं राहून उजेड काय अडवताय? आणि ती झोळी हातात कसली धरलीय, गळ्यात घाला!" त्याने झोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने गळ्यात घातली. वेंधळा आहे. मग जिन्यात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला आणि घरी गेला.

डॉक्टर म्हणाले म्हणे, अजून महिनाभर हाताने काही करायचं नाही. आणि रोज पहाटे उठून दोन तास चालायचं. मोडला हात, तर चालवायचे पाय कशाला, हे मला कळलं नाही. पण ते एवढे शिकलेत, असेल काही तरी.

२० जानेवारी, सोमवार

घड्या संपल्या आणि कुंदाताई कुडाळला गेल्या, पुतण्याचं लग्न. शनिवारी येणार. जायच्या आधी मला शिवण नीट शिकवून गेल्या. दोरा मेणावरून ओढायचा, फर्म्याच्या घडीतून सुई आत, बाहेर, आत, टोकाला अडकवायची आणि वरचा फर्मा घ्यायचा. दोरा संपला की नवा जोडायचा, ती गाठ फर्म्याच्या आत, मधल्या पानांवर येते.

एक गंमत कळली. गाठीवरून माणूस ओळखता येतो. कपाटातलं जुनं पुस्तक उघडून कुंदाताईंनी दाखवलं. सहदेवची गाठ चपटी, शेपट्या तांदळाच्या कणीएवढ्या, बोट फिरवलं तरी लागत नाही. कुंदाताईंची वाटाण्याएवढी, "सुटूक नको" म्हणून दोनदा मारलेली. माझी साडीला फॉल लावताना मारतो तशी, एक शेपूट पूर्वेला, एक पश्चिमेला. चपटी गाठ शिकवा म्हटलं तर म्हणाल्या, "ती माका पण येवक नाय. तुझ्या घोवाक इचार." विचारलं. "हात बरा झाला की दाखवतो," म्हणाला.

आज मी एकटीने टेबलावर फर्म्यांचे आठ ढीग लावले आणि एकेक उचलत टेबलाभोवती फिरले. मंगळागौरीत घालतो तसे फेरेच ते. मध्ये जेवायला बसले, तर डबा ठेवायला जागा नाही. पाचवा-सहावा ढीग जरा सरकवला आणि जागा केली. संध्याकाळपर्यंत तीनशे संच तयार! झकास.

फक्त छापखानेवाल्याला एकदा झापायला हवं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर, घडीवर, काळा चौकोनी डाग आहे. एक वर, एक त्याच्या जरा खाली, एक आणखी खाली. मी खोडरबराने घासून बघितले, निघत नाहीत. पाठीवर कव्हर चिकटणार म्हणून सोडून दिलं.

२१ जानेवारी, मंगळवार

चौदा पुस्तकं. बोटांना भोकं एकवीस.

२३ जानेवारी, गुरुवार

आज बावीस! हात बसला. आता सुई माझ्याआधी पुढे जाते. तिसऱ्या मजल्यावरचे बटणवाले शेठ डोकावून म्हणाले, "भाभी, मशीन क्यों नहीं लेती?" मी म्हटलं, "मैं ही मशीन हूँ." स्वतःवरच खूश झाले.

सहदेवच्या डाव्या हाताचं मात्र कौतुक वाटतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याने निघेना, स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन परत आले तर निघालेलं. दाढीही अशी तुळतुळीत करतो की कुठे ओरखडा नाही. माणसाने ठरवलं तर काय जमत नाही. मी त्याला तसं म्हणालेसुद्धा. त्याला ठसका लागला.

२४ जानेवारी, शुक्रवार

वाट लागली.

सत्तर पुस्तकं शिवून झाली. चार वाजता चहा घेता घेता सहज एक वाचायला घेतलं. पान चौसष्ट, सारणाची करंजी. "खोबरं, साखर आणि वेलची एकत्र परतून घ्यावी. सारण थंड झालं की त्यात" आणि मी पान उलटलं, "मूठभर सुकट भाजून घालावी."

मी परत वाचलं. मला वाटलं, मुलुंडची काही वेगळी पद्धत असेल. मग पानाचा आकडा बघितला. एक्क्याऐंशी.

दुसरं उघडलं. करंजीत सुकट. तिसरं उघडलं. करंजीत सुकट. पाचवा फर्मा आणि सहावा फर्मा उलटसुलट! डबा! मी डबा उचलल्यावर ढीग परत सरकवले होते, आणि ते अदलाबदल होऊन बसले होते.

एक पुस्तक पिशवीत टाकून घरी आले आणि सहदेवपुढे आपटलं. वाटलं, आता म्हणेल, सांगितलं होतं तुला. त्याने पान उलटलं, सुकटीपर्यंत पोचला आणि असा हसला, असा हसला की डोळ्यांतून पाणी. मी रडत होते आणि हा खुर्चीत आडवा. मग मलाही हसू आलं, मेलं.

नंतर त्याने पुस्तकाची पाठ माझ्यापुढे धरली. "हे काळे डाग दिसले नाहीत तुला?"

"दिसले तर! घाण छपाई. मी खोडायला बघत होते."

"खोडायला!" तो परत पाच मिनिटं हसत सुटला. मग सांगितलं. ते डाग मुद्दाम छापतात. फर्मे क्रमाने लागले की पाठीवर डागांचा जिना होतो, वरून खाली एकेक पायरी. जिना मोडला की समजायचं, फर्मा चुकला. बत्तीस वर्षं तो फक्त पाठीकडे बघून सांगतो.

"आता?"

"आता काय, दोरा कापायचा, जिना लावायचा, परत शिवायचं."

"सत्तर पुस्तकं! रथसप्तमीला होणार नाही हे. देऊन टाका तुमचा गाळा." खरंच म्हणाले मी तसं. सत्तर पुस्तकांवर मी चार दिवस इतकी खूश होते, त्याचं जास्त लागलं.

तो उठून आत गेला. मला जेवायला वाढलं. दोन हातांनी ताट आणून ठेवलं, बिचारा, दुखत असणार.

२५ जानेवारी, शनिवार

दिवसभर उसवलं. उरलेले दोनशेतीस संच नुसते बदलायचे होते, ते दुपारीच झाले. आता तीनशेच्या तीनशे पाठींवर जिना आहे, छान दिसतो. मी उगाच त्या छापखानेवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

कुंदाताई संध्याकाळी लग्नाचे लाडू घेऊन आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "सुकटीची करंजी? खावन बघूक होई." माणसं अशी असावीत.

२७ जानेवारी, सोमवार

काल रविवारी सुट्टी नाही घेतली. माझी वीस, कुंदाताईंची पस्तीस. आणि आज नऊ वाजता येऊन बघते तर टेबलावर आणखी पंचवीस, शिवून, नीट रचून! कुंदाताई कोपऱ्यात चहा पीत होत्या. त्या इस्टेटच्या मागेच राहतात, किल्लीही आहे त्यांच्याकडे.

"कुंदाताई, किती वाजता आलात?"

"झाली मा? मगे चौकशी कित्याक?"

त्रेसष्टाव्या वर्षी पहाटे उठून येतात माझ्यासाठी. मला भरून आलं. मी त्यांना मिठी मारली तर म्हणाल्या, "सोड गो, माका कित्याक मिठी!" आणि तोंड फिरवून हसल्या. लाजाळू आहेत.

सकाळी सहदेव चालून घरी आला तेव्हा त्याच्या पँटीवर दोऱ्याचे तुकडे होते. रस्त्यावर काय काय उडत असतं हल्ली.

२९ जानेवारी, बुधवार

शिवण संपली! तीनशे! रोज सकाळी पंचवीस-पंचवीस तयार मिळाली. मी तर म्हणते कुंदाताईंचा कुठे तरी सत्कार करायला हवा. त्या म्हणतात, "नको, जेचो असा तेका दी." लग्नाची दगदग झालीय, काहीही बोलतात.

३१ जानेवारी, शुक्रवार

पाठींना गम लावला, जाळीचं कापड लावलं, कव्हरं चढवली आणि शिकंज्यात घातली. शिकंजा म्हणजे मोठा स्क्रू असलेला लोखंडी दाब. रात्रभर त्यात पुस्तकं आवळून पडतात आणि सकाळी शहाणी होऊन निघतात.

आज कापायचं होतं, तीन बाजूंनी. कटिंग मशीनला मी आजवर हात लावला नव्हता. एकच संधी, जास्त कापलं तर अक्षरं गेली. सहदेव समोर उभा राहून सांगत होता. गठ्ठा सरळ कर, मागे टेकव, दाब दे. मी गठ्ठा परत नीट करायला बोटं आत घातली आणि तो ओरडला, "सरक! मी कर..." एवढ्यावरच थांबला. माझा हात मात्र त्याने बाजूला ओढला होता. झोळीतून कधी बाहेर आला ते दिसलंच नाही, इतका पटकन. मग दोन पावलं मागे गेला, झोळी सारखी केली आणि हळू म्हणाला, "तूच कर. बोटं बाहेर ठेव फक्त."

मी कापलं. खस्स! कडा अशी लागली की गालावरून फिरवावी. तीनशेच्या तीनशे मी कापली. सहदेव पूर्ण वेळ झोळीतला हात डाव्या हाताने घट्ट धरून उभा होता.

२ फेब्रुवारी, रविवार

गठ्ठे बांधले. आता फक्त पोचायचंय. कुरियरवाल्याचा विचार मनात येतो, पण सहदेव त्याचं नावही काढत नाही. मी विचारलं, "ठेवू म्हणालात, लक्षात आहे ना?" तर म्हणे, "आधी पुस्तक ओट्यावर उघडं राहू दे."

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

सविस्तर लिहायचंय, घाईत लिहिणार नाही.

टेम्पो घोडबंदरला पाऊण तास अडकला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, सहदेव आणि कुंदाताई रिक्षाने मागून. चारचं हळदीकुंकू आणि साडेतीन झालेले. मी सूर्यनारायणाला म्हटलं, आज तुझाच दिवस आहे, जरा लक्ष ठेव. चारला पाच कमी असताना मुलुंडच्या हॉलवर पोचलो.

दीडेकशे बायका, हळदीकुंकू, तिळगूळ, अत्तर, नुसता गलका. सहदेव बाहेर टेम्पोपाशी थांबला. पद्मजाताईंनी मला स्टेजवर बोलावलं आणि माइकवर जाहीर केलं, "पुस्तकाची परीक्षा झाल्याशिवाय वाण वाटणार नाही!" आणि खरंच परातीत कणीक मागवली, बाई गं. दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत घातले. मला म्हणाल्या, "उघडा. करंजीचं पान."

मी मधलं पान उघडलं, बहात्तर-त्र्याहत्तर, करंजीची मुरड. हात काढून घेतला. वर पंखा गरगरत होता. पान एकदा थरथरलं. आणि पुस्तक पडून राहिलं, दुपारी जेवून आडवं झालेल्या माणसासारखं, ढिम्म.

"बसलं!" पद्मजाताई ओरडल्या आणि कणकेच्या हातांनीच टाळ्या वाजवायला लागल्या. मागून दीडशे बायका. माझ्या चष्म्यावर कणीक उडाली. मी आयुष्यात इतकी खूश झाले नव्हते, लग्नातसुद्धा नाही. तिथे मुहूर्ताची चिंता होती.

चष्मा पुसून मी वाकून पुस्तकाकडे बघितलं, आपलं कौतुक आपण करावं म्हणून. पाचव्या फर्म्याचा मध्य. पांढरा दोरा सरळ गेलेला, मध्ये जोड. बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

गाठ चपटी होती. शेपट्या तांदळाच्या कणीएवढ्या.

स्टेजवरून उतरले आणि गठ्ठ्यातली पुस्तकं एकेक उघडायला लागले. माझी पूर्व-पश्चिम. कुंदाताईंचा वाटाणा. वाटाणा. चपटी. माझी. चपटी. चपटी. कुंदाताई ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी तिळगूळ खात होत्या.

"कुंदाताई, ही कुणाची गाठ?"

"माझी वाटाण्याएवढी असता, तुका म्हायत असा." मग त्यांना राहवेना. "सकाळी साडेपाचाक येय तो. गाळ्याचा दार लावन घेय. माका शपथ घातलेली. तीन दिस तू माका मिठये मारलंस गो, माझो जीव नुसतो गुदमरलो!"

झोळी हातात धरून दारात उभा होता तो. बरणीचं झाकण. तुळतुळीत दाढी. दोन हातांनी आणलेलं ताट. पँटीवरचे दोरे! आणि मी म्हणते रस्त्यावर काय काय उडतं. एवढं सगळं या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, मघाशी परत वाचलं. काय म्हणावं मला?

बाहेर गेले. सहदेव टेम्पोला टेकून उभा, गळ्यात झोळी.

"हात दाखवा."

त्याने माझं तोंड बघितलं आणि झोळीतून हात काढला. बोटं उघडमीट करून दाखवली. तर्जनीवर सुईची भोकं.

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला, "बोटांना हलकं काम देत राहा."

"आणि चालायला?"

"ते नव्हतं सांगितलं."

मला हसावं की झोळीने त्याचा गळा आवळावा कळेना. म्हटलं, "खोटं कशाला बोललात? अठरा दिवस!"

तो खाली बघत बोलला, "त्या दिवशी तुला सांगायलाच आलो होतो, हात मोकळा झाला म्हणून. तू गात होतीस. मी आत आलो असतो तर म्हणालो असतो, सरक, मी करतो. आणि तू सरकली असतीस. मला माझं माहीत आहे, अनु. झोळी गळ्यात असली की आठवण राहते."

मला एकदम रडू आलं. दीडशे बायका वाण घेऊन बाहेर पडत होत्या, त्यांच्या देखत. मी पदराने डोळे पुसत विचारलं, "आणि उद्या त्या कुरियरवाल्याला काय सांगणार?"

"त्याला सांगून झालं. सतरा तारखेलाच. गाळ्याच्या जिन्यातून फोन केला."

"आणि मी अठरा दिवस जीव मुठीत धरून शिवत होते!"

"शिवलंस पण कसलं," तो म्हणाला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पद्मजाताईंचा फोन. ठाण्याच्या मंडळालाही असंच पुस्तक हवंय, ओट्यावर उघडं राहणारं. मी हो म्हणाले.

सहदेवला नऊला यायला सांगितलं होतं, सव्वानऊला उगवला. झोळी धुऊन, घडी घालून खिशात. कुंदाताईंनी तिचं मेण पुसायचं फडकं करून टाकलं. सहदेव टेबलापाशी उभा राहिला आणि हात चोळत म्हणाला, "बोला मालकीणबाई, काय करू?"

मी म्हणाले, "सहदेव, आधी बस इथे आणि मला ती चपटी गाठ शिकव."

तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदा. कुंदाताईंच्या हातातून पट्टी पडली. सहदेवचे कान लाल झाले, तो इकडेतिकडे बघत हसला, मग स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला.